दसऱ्याचं मशीन

कॉम्प्युटरचे पंखे फिरत होते. कॅबिनेटच्या काचेआड निळे-जांभळे दिवे असे काही झळकत होते की शेजारच्या काकू दारातूनच "वा, छान दिसतंय!" म्हणून गेल्या. आणि स्क्रीन काळा ठिक्कर. 'सिग्नल नाही' एवढं दाखवून तोही झोपी गेला. मी बटण दाबून धरलं, मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा पंखे, पुन्हा दिवे, पुन्हा तोच काळा स्क्रीन.

अशा वेळी लोकांना रडू येतं. मला राग येतो. लहानपणापासून माझं असंच आहे, आणि त्या दसऱ्याला तर मला राग यायला भरपूर माणसं हजर होती.

धुळ्यातल्या एका फोटो स्टुडिओत मी लग्नाचे अल्बम करायचे. फोटो निवडायचे, रंग सुधारायचे, पानं मांडायची, हळदीच्या पिवळ्यात नवरीचा चेहरा हरवू द्यायचा नाही, ही सगळी कामं माझी. अल्बमच्या शेवटच्या पानावर नाव मात्र मालकाचं. तेही मी चालवून घेतलं होतं. एकदा भडगावचे एक कापड व्यापारी मोठ्या मुलीचा अल्बम न्यायला आले. वयस्कर माणूस, पांढरी दाढी, मी त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी काउंटरवरच पानं उलटली, डोळे पुसले आणि विचारलं, "ये किसने बनाया?" मी मान वर केली. मालक माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती? ती फक्त बटणं दाबते, चाचा. डोकं आपलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी समोरचं काम सेव्ह केलं, डबा पिशवीत टाकला आणि बाहेर पडले. काम का सेव्ह केलं, याचाही मला नंतर राग आला.

घरी आईला सांगितलं तर ती शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "आयकी लेवानं पोरी. मालक शे तो." ऐकून घ्यायचं. आईने आयुष्यभर तेच केलं. वडील गेले तेव्हापासून ब्लाउज शिवून तिने आम्हाला वाढवलं, आणि हुक तुटण्यापासून बाहीचा मुंढा चुकण्यापर्यंत कुणाचंही काहीही ऐकून घेतलं. आई अहिराणीत बोलते, मी मराठीत भांडते. फार चिडले की मीही अहिराणीवर येते.

पुढे भडगावच्या चाचांनी कुठूनतरी माझा नंबर मिळवला. धाकट्या मुलीचं लग्न झालं होतं. "बेटा, काम तूच कर," म्हणाले, आणि फोटोंची हार्ड डिस्क घरी पोहोचती केली. पण अडचण सांगूनच दिली. जावई दिवाळीच्या सुमाराला परदेशात नोकरीवर परतणार, मुलगी त्याच्याबरोबर जाणार, त्याआधी अल्बम हातात हवा. "दसऱ्यानंतरच्या रविवारी मी धुळ्याला येतो. पहिली पानं दाखव. नाही जमलं तर मला स्टुडिओतच द्यावं लागेल, माझाही इलाज नाही."

म्हणजे रविवारपर्यंत पानं झाली तर माझं स्वतःचं काम सुरू होणार होतं. नाही झाली तर चाचा स्टुडिओत जाणार, आणि त्यांच्या मागोमाग मीही खाली मान घालून त्याच खुर्चीत जाऊन बसणार. तिसरा रस्ता नव्हता. धुळ्यात अल्बमचं काम देणारे किती, आणि त्यांतले त्या मालकाच्या चहाला न येणारे किती, हे मला चांगलं ठाऊक होतं.

माझा भाऊ नरडाण्याला कारखान्यात आहे. तो म्हणाला, तयार कॉम्प्युटर घे. मी तयारवाले बघितले होते. त्यात वरून रोषणाई आणि आत हलका माल. स्टुडिओतली जुनी मशीनं माझ्याच हाताने उघडली-झाकली होती, त्यामुळे एकेक भाग बघून घ्यायचा आणि स्वतः जोडायचं असं मी ठरवलं. जळगावच्या एका दुकानातून सगळं घेतलं आणि बसमध्ये मांडीवर मदरबोर्डचा खोका धरून घरी आले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

आणि आईने हुकूम काढला की पूजा झाल्याशिवाय स्क्रू लावायचा नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. पाटावर आईची मोठी कात्री, टेप, इळा, वडिलांची पक्कड, आणि शेजारी शिलाई मशीन. त्या रांगेत आता माझे खोके आले. मी म्हटलं, खोक्यांवर हळदकुंकू वाहा. आई म्हणाली, "बंद पाकिटनी कोनी पूजा करस का? उघाडं ठेव. देवले बी दिसाले पाह्यजे." मी एकेक भाग पाकिटातून काढून मांडला. त्यांत रॅमची पट्टी होती. पाऊण वीत लांबीची हिरवी पट्टी, खालच्या कडेला सोनेरी दातांची ओळ. आई तिच्याकडे वाकून बघत राहिली. "हाई सोनानं शे का?" मी म्हटलं, वरचा मुलामा तेवढा सोन्याचा, आणि कशालाही हात लावायचा नाही, दुरून फुलं वाहायची. दोनदा बजावलं. ती हो म्हणाली. मग चाचांचा फोन आला म्हणून मी गच्चीवर गेले.

परत आले तेव्हा सगळ्यावर झेंडूची फुलं होती आणि आई हात जोडून उभी होती. मी भाग तपासले. सगळे कोरडे, स्वच्छ. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

दसऱ्याच्या दिवशी मी मशीन जोडलं. प्रोसेसर बसवला, त्यावर पंखा, रॅमची पट्टी खाचेत दाबली, दोन्ही बाजूंनी 'खट' असा आवाज आला. वायरी मागून फिरवून बांधल्या. एवढं नेटकं काम मी स्टुडिओत कधी केलं नव्हतं. मग बटण दाबलं, आणि त्याचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

मदरबोर्डच्या कोपऱ्यात बारीक दिवे असतात. मशीन कुठे अडलंय ते त्यांवरून कळतं. त्यातला रॅमसमोरचा पिवळा दिवा लागला होता आणि जायचं नाव घेत नव्हता. मी पट्टी काढून पुन्हा बसवली. दुसऱ्या खाचेत बसवली, तिसऱ्या खाचेत बसवली. मदरबोर्डवरची रुपयाएवढी बॅटरी काढून पुन्हा लावली. स्क्रीनची वायर बदलली, शेजारच्या काकूंचा टीव्ही आणून जोडून पाहिला. पिवळा दिवा ढिम्म. संध्याकाळी लोक सोनं वाटायला घरी येत होते, आपट्याची पानं हातात ठेवून "सोन्यासारखं राहा" म्हणत होते, आणि मी दातओठ खात त्यांना पेढे देत होते.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी जळगावच्या दुकानदाराला फोन लावला. त्याने मला खराब रॅम चिकटवली, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती.

"ताई, आमच्याकडून टेस्ट केल्याशिवाय माल जातच नाही," तो म्हणाला.

"मग माझा दिवा काय उगाच जळतोय?"

"नीट बसवली नसेल. जरा जोर लावावा लागतो. घरात कोणी जेन्ट्स आहे का? त्यांना द्या फोन."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. आईने खिडकी लावून घेतली एवढं सांगते. दुकानदार शेवटी म्हणाला, सोमवारी पट्टी घेऊन या, बघू. मला सोमवार काय चाटायचा होता? चाचा रविवारी येणार होते.

तेवढ्यात भावाचा फोन. "तुले सांगं व्हतं ना, तयार ले!" मी त्याचाही फोन कापला. फुकटचा सल्ला द्यायला आमच्या घरात कुणाला सुट्टी लागत नाही.

आणि मग, जणू तेवढंच राहिलं होतं म्हणून, स्टुडिओच्या मालकाचा फोन आला. आवाजात साखर. "काल आईंचा फोन आला होता. तुझा राग गेला म्हणाल्या. चांगलं झालं, ये सोमवारपासून. झालं गेलं विसरून जाऊ. आणि ती भडगाववाल्यांची हार्ड डिस्क तुझ्याकडे आहे म्हणाल्या, तीही घेऊन ये. स्टुडिओच्या नावानं करून टाकू."

मी फोन ठेवला. घरात शिलाई मशीनचा आवाज चालू होता, आणि तो मी आत गेल्याबरोबर थांबला.

"तू त्याला फोन केलास?"

आई कापडाच्या शिवणीकडे बघत राहिली. "हा. मीच कया."

"तुले कोनी सांगं व्हतं?" माझा आवाज गल्लीत गेला असणार. "मी मरमर करतेय ती त्या माणसाचं तोंड बघायला लागू नये म्हणून! आणि तू माझ्या पाठीमागे त्याचे पाय धरतेस? तो मला काय म्हणाला होता ते तुला सांगितलं नव्हतं मी?"

"माले भ्याव वाटनं," आई म्हणाली. "ते मशीन सुरू व्हयनं नही. काल तुनं तोंड देखं, माले वाटनं आते काय खावानं? नोकरी तरी ऱ्हावाले पाह्यजे."

"काल! म्हणजे मी पहिल्यांदा बटण दाबलं आणि एका दिवसात तू मला विकून मोकळी झालीस."

'विकून' हा शब्द तिला लागला. मला कळलं तो लागला, आणि खरं सांगते, त्या वेळी मला तो लागायलाच हवा होता. तिच्या भीतीचा मला कंटाळा आला होता. त्या भीतीपायी शाळेत असताना मी सहलीला गेले नव्हते, कॉलेजला जळगावला गेले नव्हते, आणि त्याच भीतीपायी इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावाने अल्बम केले होते.

मी पाय आपटत मशीनपाशी आले. दुकानदाराला पुन्हा फोन लावायचा आणि या वेळी त्याच्या तोंडाला बूच मारायचं, एवढंच डोक्यात होतं. तो विचारणार, हे केलं का, ते केलं का. सगळं केलं असं म्हणता यायला हवं. एकच गोष्ट राहिली होती. स्टुडिओतलं जुनं मशीन पावसाळ्यात रुसलं की आम्ही रॅमची पट्टी काढून तिचे दात खोडरबरने घासायचो. कोऱ्या मालाला खोडरबर लावायचा म्हणजे त्या दुकानदाराची अब्रू काढण्यासारखंच होतं, म्हणून तर मला ते करावंसं वाटलं. कंपासपेटीतला पांढरा खोडरबर शोधला, पट्टी काढली आणि सोनेरी दातांवरून एकदा जोरात ओढला.

खोडरबर लाल झाला.

मी उलट्या बाजूने ओढला. तिथेही लाल. फिकट, तेलकट लाल. मी तो नाकाशी नेला. तो वास मी जन्मापासून ओळखते. आमच्या घरातल्या प्रत्येक उशीला, प्रत्येक साडीला तो वास आहे. शिलाई मशीनच्या तेलाचा.

इथे आमच्या आईची एक पद्धत सांगायला हवी. मशीनला ती पाण्यात भिजवलेलं कुंकू कधी लावत नाही. पाण्याने लोखंड गंजतं. ती मशीनच्याच तेलात कुंकू कालवते आणि ते बोट लावते. दर दसऱ्याला शिलाई मशीनच्या कपाळावर तेलातलं कुंकू लागतं. दुसरीकडे कुठे असं करतात का, मला माहीत नाही.

"आई!" मी ओरडले. ती आली. मी खोडरबर तिच्या डोळ्यांसमोर धरला. "हे काय आहे?"

तिने बघितलं आणि तिचा चेहरा पडला. "मी पुशी टाकं व्हतं," ती हळूच म्हणाली. "चिंधीवरी चांगलं पुसं."

चिंधीने पुसलं होतं. म्हणजे सगळ्या दातांवर तेलाचा हात फिरवला होता. आणि मी तीच पट्टी या खाचेतून त्या खाचेत बसवत, तेल घरभर वाटत बसले होते.

"हात लावू नको म्हटलं होतं ना मी? दोनदा! आणि एवढ्या मोठ्या मशीनमध्ये तुला हीच जागा सापडली? तो एवढा मोठा पत्र्याचा डबा होता, त्याला लावायचं होतंस पातेलंभर कुंकू!"

"सोनानं व्हतं ना ते," आई म्हणाली. "माले वाटनं, तेच इनं कपाय शे." मग तीही चिडली. आई चिडली की आधी तिची हनुवटी थरथरते. "मनी मशीनले इतला वरीस कुकू लावं. ती कधी बंद पडनी का? तुनी मशीनच नाजूक शे!"

"हो, नाजूक आहे! आणि तू एका बोटाने तिला बंद पाडलंस. वर तीच बंद पडली म्हणून त्याला फोन करून माझी माती केलीस. दोन्ही तूच केलंस, आई. दुकानदाराने नाही, मालकाने नाही. तू!"

ती आत निघून गेली. मोरीत पाण्याचा आवाज आला. मी पट्टी घासत होते. दात चकचकीत झाले. रंगाचा कोरडा मऊ ब्रश घेऊन मी चारही खाचा झाडल्या, कापसाच्या बारीक बोळ्याने टिपल्या. पट्टी जागेवर दाबली. 'खट'. वायर लावली. बटणाकडे हात नेला, तर आई बाहेर आली. तिने हात साबणाने धुतले होते, पदराला पुसत होती, आणि दुसऱ्या हातात तिचा मोबाइल होता. तो तिने आधीच लावला होता. तिच्या फोनचा आवाज कायम मोठा असतो, तो कमी कुठून करायचा हे तिला माहीत नाही. पलीकडून मालकाचं "बोला आई" मला स्पष्ट ऐकू आलं.

स्टुडिओच्या मालकाशी आई नेहमी जपून, शहरी मराठीत बोलायची. साहेब म्हणायची. त्या दिवशी तिने साहेब म्हटलं नाही.

"भाऊ, मनी पोर येवाव नही."

"अहो, पण कालच तर तुम्ही म्हणालात..."

"काल माले भ्याव वाटनं व्हतं. आज बी वाटस. पन ती येवाव नही. बटनं दाबाले दुसरी कोनी देखी ल्या."

आणि तिने फोन बंद केला.

मला आनंद वगैरे काही झाला नाही. माझं डोकंच फिरलं. "अगं, आधी बघायचं तरी ना, सुरू होतंय का!" मी किंचाळले. "नाही झालं तर? आता मी कुठे जाऊ? थोडं थांबता येत नव्हतं तुला?"

"थांबनू आसतू तर व्हयनं नसतं मनाकडथीन," आई म्हणाली. थांबली असती तर तिच्याकडून ते झालंच नसतं. "दाब आते."

मी बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. पिवळा दिवा लागला. मी त्याच्याकडे बघत होते. आईला त्या दिव्यांतलं काही कळत नाही, म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत होती. पिवळा दिवा लागूनच राहिला. इतका वेळ लागून राहिला की मी मनातल्या मनात सोमवारच्या पहिल्या वाक्याची तयारी सुरू केली. मग तो गेला. स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली.

"व्हयनं का?" आईने विचारलं.

"झालं."

अजून विंडोज टाकायचं होतं, सॉफ्टवेअर टाकायचं होतं, आणि चाचा यायच्या आत पानं मांडायची होती. मी भडगावची हार्ड डिस्क कपाटातून काढली. माझा राग गेला नव्हता. तो पुढे दिवाळीपर्यंत थोडा थोडा निघत राहिला, आणि त्यातला बराचसा आईवरच निघाला. वळून तिला काहीतरी लागट बोलणार होते. पण आई भिंतीला टेकून खाली बसली होती, मोबाइल दोन्ही हातांत घट्ट धरून, आणि तो पुन्हा वाजतो की काय म्हणून त्याच्याकडेच बघत होती.